शाळा, घर, सासूबाई आणि आता टीईटी : आठवड्यातून तास काढायचे कुठून?

चौथीच्या_बाई

नमस्कार. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून पट ३१. तिसरी-चौथीची १७ मुलं माझ्याकडे. घर जुळे सोलापुरात, शाळा मंद्रूपच्या बाजूला, एकेरी २८ किलोमीटर, दुचाकीवर. साडेनऊला निघते, सहाला घरी. शनिवारी सकाळची शाळा, पावणेसातला बाहेर, पाऊणला परत. मिस्टर चिंचोळी एमआयडीसीत, तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलतात. मुलगा नववीत, मुलगी चौथीत. सासूबाई ७१ वर्षांच्या, दोन वेळचं इन्सुलिन, गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. नळाला चार दिवसांनी पाणी, कधी पहाटे, कधी रात्री दहाला.

नेमणूक २००७ ची, म्हणजे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) नसलेली. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं, सेवेची पाच वर्षांहून जास्त उरलेल्यांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं आलं. पेपर १ द्यायचा आहे.

आठवड्याच्या १६८ तासांचा हिशेब मांडून बघितला. शाळा आणि प्रवास ४८.५. झोप ४९. स्वयंपाक २१. स्वतःचं आवरणं-जेवणं १४. शाळेचं घरी आणलेलं काम (वह्या, नोंदी, ऑनलाइन माहिती) ९. सासूबाई ७. मुलांचा अभ्यास ६. धुणं-झाडणं ५. पाणी ३. उरतात साडेपाच, तेही तुकड्या-तुकड्यांत. पाहुणे आले की तेवढेही जातात.

‘स्वतःसाठी वेळ काढा’, ‘मन शांत ठेवा’ हे ऐकून झालंय. तास कुठून काढायचे, तेवढं सांगा.

ब्राह्ममुहूर्त

ताई, सोपं आहे. साडेपाचऐवजी पहाटे चारला उठा. रोजचे दीड तास, आठवड्याचे साडेदहा. पहाटेचं वाचलेलं डोक्यात बसतं. दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे.

आकारिक_संकलित

हिशेब मांडून प्रश्न विचारलात, त्यामुळे उत्तरही त्याच हिशेबातून देता येतं. तुमची गळती ९ तासांच्या ओळीत आहे. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत, तयारीसकट. तुमची शाळा भरते साधारण ३७ तास. त्यात घरचे ९ मिळवले तर ४६. म्हणजे कायद्याच्याही वर तुम्ही तासभर काम करताय, आणि ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर. हे ९ तास २ वर आणता येतात.

आधी वह्या. जोडवर्गात ४० मिनिटांची तासिका अशी तोडा: १५ मिनिटं तिसरीला नवीन भाग, तेव्हा चौथी स्वयंअध्ययन कार्डावर. मग १५ मिनिटं उलट. शेवटची १० मिनिटं फक्त तपासणी, मूल समोर उभं असताना. दहा मिनिटांत ५-६ वह्या होतात, दिवसाच्या तीन तासिकांत सगळी १७. घरी नेऊन तपासलेल्या वहीतली चूक मुलाला दुसऱ्या दिवशी दिसते आणि तोवर त्याला ते गणितच आठवत नसतं. म्हणजे मेहनत तुमची आणि फायदा कुणाचाच नाही.

हे फसतं ते कार्डामुळे. कार्डावर पाच उदाहरणं दिली की हुशार मुलं सात मिनिटांत मोकळी होतात आणि उरलेली आठ मिनिटं वर्ग डोक्यावर घेतात. म्हणून कार्ड दोन भागांचं करायचं: वर पाच सगळ्यांनी करायची, खाली ‘झालं की हे’ म्हणून एक वेळखाऊ कोडं, चौकट भरणं किंवा शब्द शोधणं. उत्तरं मागच्या बाजूला, गटप्रमुखानं जुळवायची. एका विषयाची ३० कार्डं एकदा पुठ्ठ्यावर केली की दोन-तीन वर्षं टिकतात. उन्हाळी सुट्टीतले चार दिवस त्याला द्या.

दुसरी गोष्ट वर्णनात्मक नोंदींची. तिसरी-चौथीला आकारिक (वर्षभर चालणारं) मूल्यमापन ६० टक्के आणि संकलित (सत्राअखेरचं) ४०, म्हणजे जास्त वजन रोजच्या निरीक्षणालाच आहे. आणि लिहिल्या जातात मात्र सत्राच्या शेवटच्या दोन रात्री, सगळ्यांना ‘वाचनात प्रगती आहे’ असं एकच वाक्य. रोज तीनच मुलं धरा. हजेरीच्या क्रमानं, प्रत्येकी एक ओळ, तारीख घालून: ‘२३ गुणिले ४ मध्ये हातचा विसरतो, आडव्या मांडणीत बरोबर करतो.’ तीन ओळींना सहा मिनिटं लागतात. सहा दिवसांत १७ जणांची एक फेरी पूर्ण. सत्राअखेरीस फक्त उतरवायचं काम राहतं.

पोषण आहाराची नोंद तांदूळ मोजला जात असताना, तिथेच उभ्यानं. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ. २९ हजर असतील तर २ किलो ९०० आणि ५८० ग्रॅम. ॲपवरचा आकडा आणि नोंदवहीतला आकडा एकाच मिनिटाला भरला गेला पाहिजे. महिनाअखेर शिल्लक जुळत नाही ती बहुतेक वेळा चोरीमुळे नाही, दोन आकडे दोन वेळी भरल्यामुळे.

आणि रात्री नऊला आपल्या शाळा-केंद्राच्या ग्रुपवर येणारी ‘तातडीची माहिती’. बहुतेक वेळा तीच ती असते: शाळेचा ११ अंकी यू-डायस (ओळख) क्रमांक, इयत्ता-लिंग-प्रवर्गनिहाय पट, आधार झालेले-न झालेले, खोल्या, स्वच्छतागृहं, वीजजोडणी. एका पानावर लिहून, फोटो काढून फोनमध्ये वरच ठेवा आणि दर महिन्याच्या १ तारखेला पान नवीन करा. मग उत्तर द्यायला दोन मिनिटं पुरतात, कपाट उघडावं लागत नाही. वर्ग दोघांत वाटलेत तसे हे कामही सहकाऱ्याशी वाटून घ्या. पोषण आहार एकाकडे, ऑनलाइन माहिती दुसऱ्याकडे, सत्र संपलं की अदलाबदल. दोघांनी दोन्ही करायचं ठरवलं की शेवटी एकावरच येतं, आणि कुणावर येतं ते सांगायला नको.

कडक_भाकरी

ते पहाटे चारचं तेवढं सोडा की ओ. साडेपाच तास झोपून विजापूर रस्त्यावर मालट्रकांच्या मधून २८ किलोमीटर गाडी चालवायची? आणि वाचलेलं पक्कं होतं तेच मुळी झोपेत. दीड तास झोप कापून दीड तास वाचलं तर हातात अर्धंही राहत नाही. ४९ या आकड्याला हात लावू नका.

हात लावायचा तो २१ ला. स्वयंपाकात वेळ खाते ती दोन्ही वेळची भाकरी आणि त्याहून जास्त ‘आज भाजी काय’ हा प्रश्न.

भाकरीचं आधी. मध्यम भाकरीला ६५-७० ग्रॅम पीठ, किलोत १४-१५ भाकरी होतात. पाच माणसांना दिवसाला किलोभर पीठ धरा. ज्वारी आठ-दहा दिवसांचीच दळून आणा. पंधरा दिवसांचं एकदम दळलं की उन्हाळ्यात पिठाची विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि जे काम पंचवीस मिनिटांत व्हायचं त्याला चाळीस लागतात. विरी गेलेलं पीठ उरलंच तर उकळत्या पाण्याची उकड काढून मळा. रात्रीच्या भाकरी सकाळीच करून ठेवू नका, संध्याकाळपर्यंत चिवट होतात आणि सासूबाईंना चावणार नाहीत. त्यापेक्षा आठवड्यातून दोन रात्री कडक भाकरी. आपल्याकडे बचतगटाच्या बायका करून देतात, हवाबंद डब्यात महिनाभर सहज राहते. गरम आमटीत कुस्करली की सासूबाईंचीही सोय होते. या दोन रात्रींचा तवा वाचला की आठवड्याचा सव्वा-दीड तास हातात.

शेंगा चटणी महिन्यातून एकदा. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, सालं काढायची, ४०-५० ग्रॅम लाल तिखट, एक मोठा गड्डा लसूण, चमचाभर जिरं, मीठ. खलबत्ता नसेल तर मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा. सलग फिरवला की लोणी होतं, चटणी राहत नाही. तेल सुटू लागलं की थांबा. ओला चमचा गेला की बुरशी आलीच.

भाज्यांचं वेळापत्रक दारामागे लावून टाका, सात दिवसांचं, आणि महिनाभर बदलू नका. ‘रोज वेगळं काय’ हा हट्ट घरात ज्याचा असेल त्यानं ते करावं. डाळ दोन दिवसांची एकदम शिजवून, न फोडणी देता, फ्रिजमध्ये. एप्रिल-मेमध्ये शिजलेली डाळ ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायची नाही, आपल्या उन्हात ती संध्याकाळी आंबते. कणसं सोलणं, लसूण सोलणं, पालेभाजी निवडणं हे सासूबाईंना बसून करता येतं. त्यांना विचारून बघा, बऱ्याच जणींना कामातून वगळलेलंच जास्त लागतं. एवढं सगळं मिळून २१ चे १६ होतात, त्याहून खाली मी सांगणार नाही.

पाणी. हे काम पूर्ण नववीतल्या मुलाकडे. पूर्ण म्हणजे नळ आल्याची बातमी ठेवण्यापासून मोटर बंद करण्यापर्यंत. पाच माणसांना दिवसाला माणशी १०० लिटर धरले तर चार दिवसांना २००० लिटर, आणि एखादा दिवस नळ चुकला तर ५०० वरचे. टाकी तेवढी आहे का ते एकदा मोजा. रोजची चिडचिड बहुतेक टाकी कमी पडते म्हणूनच असते. पिंपांना झाकण नसेल तर कापड बांधा. आणि आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून आतून घासा. डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात, अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. नळ येणार त्याच्या आदल्या दिवशी पिंपं तळाला गेलेली असतात, तेव्हाच घासायची. घरात ताप शिरला की तुमचं वेळापत्रक महिनाभर गेलं समजा.

ओएमआर_गोल

टीईटीपुरतं सांगतो. पेपर १ म्हणजे १५० प्रश्न, १५० मिनिटं. बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे उत्तरपत्रिकेवरचा एकही गोल रिकामा ठेवायचा नाही.

पुस्तकं विकत घेण्याआधी एका रविवारी मागचा एक पेपर घड्याळ लावून सोडवा आणि विषयवार गुण लिहा. समजा मराठी २४, परिसर २२, बालमानसशास्त्र १५, इंग्रजी १४, गणित १३ आले. बेरीज ८८. मराठी आणि परिसर तुम्ही रोज शिकवता, तिथे आणखी वीस तास घातले तरी दोन-तीन गुण वाढतील. बालमानसशास्त्रात तेवढ्याच तासांत सहा-सात वाढतात, कारण तिथे प्रश्न फिरून-फिरून त्याच घरातून येतात: पियाजेच्या अवस्था, व्हिगॉट्स्कीचं समीपस्थ विकासाचं क्षेत्र, कोलबर्गच्या नैतिक विकासाच्या पातळ्या, गार्डनरची बहुविध बुद्धिमत्ता, अध्ययन अक्षमता, मूल्यमापन. तुम्हाला वर्गातलं उदाहरण माहीत आहे, फक्त त्याचं पुस्तकी नाव जोडायचं आहे. तिथे ६, गणितात ४, इंग्रजीत ३ वाढवले की १०१. काठावर ९० चं लक्ष्य ठेवू नका, परीक्षेच्या दिवशी पाच-सात गुण कुठे जातात कळत नाही.

आठवड्याला ५ तास, १६ आठवडे, एकूण ८० तास. तासांचे तुकडे असे: चार दिवस ४५ मिनिटं, रविवारी सलग दोन तास. ४५ मिनिटांच्या तुकड्यात नवीन भाग वाचायचा, रविवारी फक्त प्रश्न सोडवायचे. उलट केलं तर चुकतं; सरावाला सलगपणा लागतो, वाचनाला लागत नाही. शेवटचे चार रविवार पूर्ण १५० मिनिटांचा पेपर, म्हणजे दोन तासांऐवजी अडीच.

परीक्षेत वेळ समान वाटू नका. मानसशास्त्र २५, मराठी २५, परिसर २५, इंग्रजी ३०, गणित ४५. गोल जागच्या जागी भरत चला, शेवटी एकदम भरायचे ठेवले की एक ओळ सरकते आणि पुढचे सगळे चुकतात. अनुभवी शिक्षक नापास होतात ते अभ्यास कमी पडून कमी, आणि ‘वर्गात तर असं होत नाही’ म्हणून पर्यायांशी वाद घालण्यात वेळ घालवून जास्त. पेपरशी भांडू नका. प्रश्न आदर्श वर्गाबद्दल विचारतो, तुमच्या वर्गाबद्दल नाही.

सोलापुरात कन्नड, उर्दू, तेलुगू माध्यमाचेही शिक्षक हे वाचत असतील, त्यांनी अर्जात भाषा १ आणि भाषा २ चे पर्याय दोनदा तपासावेत. प्रमाणपत्र आता आजीवन आहे, एकदा झालं की विषय मिटला.

नंदीध्वज

वरच्या सगळ्यांनी ताईंचे तास वाचवले, पण घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या तासांचा हिशेब कुणी मागितलाच नाही. पाळी बदलती असली तरी ती आधी कळते. फ्रिजवर तीन रकान्यांचा कागद लावा.

पहिली पाळी: दुपारी चारच्या पुढे घर त्यांचं. मुलीचा अभ्यास, संध्याकाळचं इन्सुलिन, रात्रीची भाजी. दुसरी पाळी: सकाळ त्यांची. डबे, सकाळचं इन्सुलिन, दळण, बँक, दवाखाना. रात्रपाळी: सकाळी आल्यावर आधी झोप, कारण रात्रभर जागलेलं माणूस काम करत नाही, चिडतं फक्त. दुपारी तीननंतर किराणा आणि मुलीला आणणं. रात्रपाळीच्या आठवड्यात तुमच्या अभ्यासाचे तास निम्मे धरा आणि बाकीच्या दोन आठवड्यांत भरून काढा. दर आठवड्याला सारखाच अभ्यास होईल असं वेळापत्रक तिसऱ्या आठवड्यात मोडतंच.

काम देताना अख्खं द्या. ‘दूध आणा’ ही मदत झाली. दुधाचा हिशेब, पैसे, गावाला गेल्यावर दूध बंद करायचा निरोप, हे सगळं मिळून एक काम. अर्धं काम दिलं की लक्षात ठेवायचा भाग तुमच्याकडेच राहतो, आणि थकवा त्याचाच जास्त असतो. पहिले दोन-तीन आठवडे त्यांची भाजी खारट होईल, डबा उशिरा होईल. मध्ये पडायचं नाही. मध्ये पडलात की काम परत तुमचं.

रजेबद्दल. बालसंगोपन रजा एकूण १८० दिवस आहे, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, एका वर्षात दोन महिन्यांपर्यंत. ती टीईटीच्या अभ्यासात संपवू नका. मुलगा पुढच्या वर्षी दहावीत जाणार, फेब्रुवारी-मार्चला ती लागेल. ती आधी मंजूर करून घ्यावी लागते आणि तुमची शाळा दोनच शिक्षकांची, म्हणून दिवाळीतच अर्ज टाका. ऐनवेळी ‘पर्यायी शिक्षक नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं.

बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, म्हणजे मतदार यादीचं) काम आलं तर सरळ नाही म्हणता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांना मोकळीक आहे. पण मतदार यादीचं काम शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर करून घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच सांगितलंय. म्हणजे वर्ग वाचतो, तुमचा रविवार जातो. त्या महिन्यात रविवारचा पेपर शनिवारी दुपारी घ्या.

आणि वेळापत्रकात संक्रांतीचा आठवडा आधीच कोरा सोडा. सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता, पुढे गड्ड्याची जत्रा, घरी पाहुणे. त्या आठवड्यात अभ्यास होणार असं लिहून ठेवलं तर फक्त अपराधी वाटेल.

चौथीच्या_बाई

तुमचं सगळ्यांचं जुळवून बघितलं. शाळेच्या कामातून ७, स्वयंपाकातून ५, पाण्याचे ३. हातातले साडेपाच धरले तर वीसच्या वर जातात, त्यातले निम्मे जरी खरे निघाले तरी पुरेत. एकच अडतंय. दुपारी दीड ते साडेतीन सासूबाई एकट्या असतात आणि मागच्या महिन्यात दोनदा साखर खाली गेली. सगळा जीव तिकडे असतो.

औषधपेटी

दुपारी साखर खाली जायची नेहमीची कारणं: सकाळचं इन्सुलिन घेतलं आणि नाश्ता कमी खाल्ला, जेवण लांबलं, किंवा इन्सुलिनसोबत साखर कमी करणारी गोळीही चालू आहे. दोनदा झालंय म्हणजे डोस डॉक्टरांना दाखवायलाच हवा, आपल्या मनानं कमी-जास्त नको. जाताना आठ दिवसांच्या नोंदी न्या: उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी, आणि त्या-त्या वेळी काय खाल्लं. नुसता ‘परवा कमी झाली होती’ एवढ्यावर डोस ठरत नाही.

त्यांच्या हाताशी, उठावं लागणार नाही अशा जागी एक डबी ठेवा: दोन वेळा पुरेल एवढी साखर, चमचा, पाण्याची बाटली, चार बिस्किटं, साखर मोजायचं यंत्र. घाम, थरथर, गरगरणं किंवा ७० च्या खाली आकडा आला की तीन चमचे साखर पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की बिस्किटं किंवा भाकरी, नाहीतर तासाभरात परत उतरते. शेंगदाण्याचा लाडू किंवा चॉकलेट या वेळी देऊ नका, तेलामुळे साखर हळू चढते. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८.

शेजारी एकीकडे किल्ली आणि हाच कागद द्या. मधल्या सुट्टीत तुम्ही फोन केलात तर ‘बरं आहे ना’ विचारू नका, उत्तर ‘बरं आहे’ हेच येतं. ‘किती वाजता जेवलात, आकडा किती’ हे विचारा.

इन्सुलिनची चालू बाटली साधारण २८ दिवस बाहेर चालते, पण ३० अंशांच्या आत. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी बंद घरातही त्याच्या बरंच वर जातं, म्हणून फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेली बाटली टाकून द्यायची, वितळल्यावर नेहमीसारखी दिसली तरी. थंडगार टोचली तर दुखते, दहा मिनिटं आधी काढून ठेवा. वीज जास्त वेळ जात असेल तर मातीचं मडकं, तळाला ओली वाळू, वर डबीत बाटली, तोंडाला ओलं फडकं. वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करावी लागते, तेवढं मुलीला सांगा, चौथीतल्या पोरीला जमतं.